शंभर टक्के हजेरी

जावेच्या मुलीला एकदा तरी ताप यावा, असं द्वारकाला तीन वर्षं मनापासून वाटत होतं. मोठा आजार नको. नुसती कणकण, गळकं नाक, एक दिवस शाळा बुडेल एवढंच. पण कृतिकाला काही होत नव्हतं. दरवर्षी स्नेहसंमेलनात तिचं नाव पुकारलं जायचं, शंभर टक्के हजेरीची ट्रॉफी मिळायची आणि खाली बसलेली द्वारका इतरांबरोबर टाळ्या वाजवायची.

नवघरला सासऱ्यांच्या जुन्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत घरचे सगळे राहत. पहिल्या मजल्यावर सासरे रामनाथ, दुसऱ्यावर धाकटे दीर स्वप्नील, त्यांची बायको मिनल आणि कृतिका, तिसऱ्यावर द्वारका, तिचा नवरा यतीन आणि मुलगा हृतिक. जिन्यातल्या भिंतीवर रामनाथांनी नातीचा ट्रॉफीसकट फोटो लावला होता. भाजीची पिशवी घेऊन वर चढताना द्वारकाला तो रोज दिसायचा.

"आपल्या घरात असा इस्टेजवर कोन चढला न्हाय," रामनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "मिनलनं पोरीला कशी ठेवलीय बघा. आजारपन म्हनून न्हाय."

म्हणजे मी माझ्या पोराला नीट ठेवत नाही, असं द्वारका त्यातून ऐकायची.

द्वारका भिवंडीकडच्या गावातली, दहावी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिचाच शब्द चालायचा. सासूबाई गेल्यावर चार वर्षं सगळा स्वयंपाक, सणवार, पाहुणे तिनेच काढले. मग मिनल आली. ठाण्याची, ग्रॅज्युएट, हळू बोलणारी. ती कधी भांडली नाही, कधी उलट बोलली नाही, आणि द्वारकाला नेमकं हेच सहन व्हायचं नाही. मिनल शाळेच्या ग्रुपवर इंग्रजीत मेसेज टाकायची. मुलीच्या बाटलीवर, डब्यावर, रुमालाच्या कोपऱ्यावरसुद्धा नाव असायचं. "ताई, हृतिकची कांजिण्यांची लस राहिली असेल तर आमच्याबरोबर चला ना," असं मिनल एकदा म्हणाली होती. द्वारका जाणार होती. पण मिनलने आठवण केली म्हणून गेली नाही.

यंदा मात्र नशीब फिरलं होतं. हृतिक आणि कृतिका दोघं तिसरीत, एकाच वर्गात. जूनपासून हृतिकचीही एकही गैरहजेरी नव्हती. दिवाळीनंतर द्वारकाच्या ते लक्षात आलं आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. ट्रॉफीसाठी जानेवारीअखेरपर्यंतचीच हजेरी धरली जायची. तिने यतीनच्या मामेबहिणीच्या हळदीलासुद्धा मुलाला नेलं नाही.

वर्गशिक्षिका जेनेल मिस तारोडीहून यायच्या. सातवा महिना चालू होता तरी रोज सकाळी वर्गाच्या दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाचा हात हातात घ्यायच्या. अंग गरम लागलं की पालकांना फोन. दारावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं: ताप, पुरळ, लाल डोळे असतील तर घरी राहा, अभ्यास आम्ही भरून काढू. हजेरीची ट्रॉफी त्यांना पसंत नव्हती, असं मुलांच्या आयांमध्ये बोललं जायचं. पण ट्रॉफी संस्थेची होती आणि ती दरवर्षी दिली जायची.

जानेवारीतल्या एका सोमवारी अंघोळ घालताना द्वारकाला हृतिकच्या पोटावर दोन फोड दिसले. पाण्याच्या थेंबासारखे, भोवती लाल. पाठीवर आणखी एक. अंगात कसर होती.

तिला लगेच कळलं. लहानपणी तिच्या घरी चार भावंडांना एकदम कांजिण्या निघाल्या होत्या.

"मम्मी, खाजवतंय," हृतिक म्हणाला.

"मच्छर चावलाय. हात नको लावू."

तिने त्याला तापाचं औषध पाजलं, आतून पूर्ण बाह्यांचा गंजी घातला, वर शर्ट, वर स्वेटर. थोडेच दिवस राहिले होते. खाली कृतिका बूट घालून तयार उभी होती, वेण्या घट्ट, चेहरा ताजा. तिला बघितल्यावर द्वारकाने उरलासुरला विचारही सोडून दिला.

औषधाने सकाळपुरता ताप उतरायचा, त्यामुळे मिसच्या हाताला काही लागायचं नाही. सोमवार गेला. मंगळवारी हृतिक डबा न खाता परत आला. बुधवारी वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपला, असं कृतिकाने घरी येऊन सांगितलं. "रात्री टीव्ही बघत बसला," द्वारका म्हणाली. त्या तीन दिवसांत मुलगा तिच्याकडे कसनुसा बघायचा आणि ती नजर चुकवून डबा भरायची.

गुरुवारी फोड कपाळावर आणि गालावर आले. स्वेटरखाली झाकणं आता शक्य नव्हतं.

तिने शाळेत फोन केला. "मिस, आज सकाळीच उठलेत. कांजिण्या वाटतायत."

"आजच ना?" जेनेल मिसने विचारलं.

"आजच."

तासाभरात मिनल वर आली. हातात लावायचं गुलाबी औषध, मऊ सुती सदरे, नखं कापायची कात्री. "ताई, एकदम एवढे? काल काहीच नव्हतं?"

"काल कुठं!" द्वारका म्हणाली. मिनल दारातून निघून गेल्यावर तिने ते औषध फळीवर मागे सरकवलं आणि केमिस्टकडून तेच दुसरं आणवलं.

शुक्रवारी दुपारी जेनेल मिसचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, जरा दमलेला.

"हृतिकची आई, एक विचारायचं होतं. मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही, मला माहीत नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली. डॉक्टर म्हणतात, गरोदर बाईला झाल्या तर छातीत उतरू शकतात. रक्त तपासायचंय. अंगात आधीपासून संरक्षण नसेल तर इंजेक्शन घ्यावं लागेल, तेही दहा दिवसांच्या आत. फोड यायच्या दोन दिवस आधीपासून लागण होते, त्यामुळे दिवस नीट मोजायचेत. फोड गुरुवारीच दिसले, नक्की?"

खरं सांगितलं तर शाळेत कळणार, शाळेतून ग्रुपवर, ग्रुपवरून दुसऱ्या मजल्यावर. मिनल काही बोलणार नाही. नुसती बघेल.

"नक्की, मिस. गुरुवारीच."

"बरं. मग मंगळवारी तपासलं तरी चालेल. रविवारी आमच्याकडे पाहुणे आहेत. थँक्यू हां."

फोन ठेवल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. तिने भांडी घासायला काढली, घासलेलीच परत घासली. मग बोटांवर दिवस मोजायला बसली. सोमवारच्या आधी दोन दिवस म्हणजे शनिवार, आणि त्या शनिवारी शाळा होती. शनिवारपासून दहा दिवस म्हणजे येता मंगळवार. मिस रक्त देणार त्या दिवशीच मुदत संपत होती. तिने पुन्हा मोजले. तेवढेच आले.

तिने तीनदा फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. या शनिवारी शाळेला सुट्टी होती. सकाळीच तिने हृतिकला यतीनजवळ ठेवलं, स्टेशनच्या पश्चिमेला जाऊन उत्तनची बस धरली, पुढे तारोडीपर्यंत रिक्षा केली. टीचरचं घर कुणीतरी लगेच दाखवलं. अंगणात एक उंच, साठीची बाई वालाच्या वेलांना पाणी घालत होती. ती जेनेल मिसची सासू, क्लारा.

"मी मिसच्या वर्गातल्या मुलाची आई. त्यांना एक सांगायचंय."

"बस. येतंय ती."

पण द्वारकाला मिस येईपर्यंत थांबवेना. उभ्याउभ्याच तिने सांगून टाकलं. सोमवारी फोड दिसले, औषध देऊन तीन दिवस शाळेत पाठवलं, तारीख खोटी सांगितली.

क्लाराने पाण्याचा पाइप खाली टाकला. "तुला ठाव न्हवतं काय, ती पोटुशी हाय?"

"ठाऊक होतं."

"मग?"

उत्तर द्वारकाला ठाऊक होतं, आणि त्या अंगणात ते फारच क्षुल्लक वाटत होतं. एका ट्रॉफीसाठी. जिन्यातल्या एका फोटोसाठी.

जेनेल दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "सोमवारी त्याने माझ्या टेबलाशी उभं राहून सतराचा पाढा म्हटला," ती म्हणाली. "अर्धा तास. चुकत होता म्हणून मी परत परत म्हणून घेत होते." मग तिने आत वळून नवऱ्याला हाक मारली. "रुबेन, गाडी काढ. आजच जाऊ."

कुणी द्वारकाला ओरडलं नाही. चहाही विचारला नाही. गाडी निघून गेल्यावर क्लारा म्हणाली, "आली ते बरं केलं. आता घरी जा, पोराकडं बघ." आणि पाइप उचलून पुन्हा पाणी घालू लागली.

सोमवारी मिसचा मेसेज आला. रक्तात संरक्षण होतं, कधीतरी नकळत कांजिण्या होऊन गेल्या असाव्यात, इंजेक्शनची गरज नाही. द्वारका पंख्याखाली भिंतीला टेकून बसली आणि रडली. शाळेने ग्रुपवर तिचं नाव घेतलं नाही. नुसती सूचना आली, की खपल्या धरेपर्यंत मुलांना पाठवू नये आणि फोड दिसल्याची तारीख खरी सांगावी.

एवढं होऊनही जळणं थांबलं नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. हृतिक घरी खपल्या मोजत बसलेला आणि खालून कृतिका रोज सात वाजता दप्तर घेऊन निघायची. यंदा चौथी ट्रॉफी. द्वारका गॅलरीतून तिला कोपऱ्यापर्यंत जाताना बघायची.

जानेवारी संपायला तीन दिवस उरले तोपर्यंत वर्गातली अकरा मुलं एकामागून एक आजारी पडली होती. मग एका सकाळी कृतिका सातला खाली उतरली नाही. द्वारका जिन्यात थांबली. दार उघडं होतं. मिनल फोनवर बोलत होती.

"हो मिस, मानेवर चार फोड आहेत. लस झालीय म्हणून कमी असतील. नाही नाही, आठवडाभर नाही पाठवत. ट्रॉफी? असू दे हो, ट्रॉफीचं काय एवढं."

चार फोड ऐकले तेव्हा द्वारकाच्या छातीत गार वाटलं होतं. तीन वर्षं मागितलेलं मिळालं होतं. पण पुढच्या वाक्याने ते सगळं विरून गेलं. जिच्यासाठी तिने तापलेलं पोर शाळेत ढकललं होतं ती गोष्ट मिनलने एका फोनवर, मागे वळूनही न बघता सोडून दिली होती. चार फोडांसाठी. कॉलर लावली असती तरी झाकले गेले असते. ट्रॉफी मिळाल्यावर मिनलचा कधी वाटला नव्हता एवढा हेवा द्वारकाला तेव्हा वाटला.

ती आत गेली. "हृतिककडून आल्यात त्या."

"असणारच ताई. एकाच घरात राहतो आपण."

"तसं नाही. मी तीन दिवस त्याला लपवून पाठवला. फोड सोमवारीच आले होते. तुझ्या पोरीची ट्रॉफी मला बघवत नव्हती."

मिनलने फोन खाली ठेवला. तिचा हळू आवाज त्या दिवशी प्रथमच चढला. "ताई, हृतिकला ताप असताना? त्याला काही झालं असतं म्हणजे? आणि वर्गात मिस होत्या! तुम्हाला माझा राग होता तर मला बोलायचं होतं. पोरांना कशाला मध्ये घातलंत?"

मग तिने दार लावून घेतलं.

दोन महिने जावा बोलल्या नाहीत. मुलं मात्र एकमेकांच्या घरी जात होती. रामनाथांनी एकदोनदा "काय झालंय काय दोघींना?" असं विचारून पाहिलं आणि सोडून दिलं. स्नेहसंमेलनात ट्रॉफी दुसऱ्याच वर्गातल्या मुलाला मिळाली. पुढच्या वर्षीपासून हजेरीचं बक्षीस बंद, असं मुख्याध्यापिकांनी तिथेच जाहीर केलं. मागच्या ओळीतल्या द्वारकाला आपल्याकडे सगळे बघतायत असं वाटलं. खरं तर कुणीच बघत नव्हतं.

मार्चअखेरीला अनोळखी नंबरवरून फोन आला. क्लारा होती.

"जेनेलला पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. ती म्हनते, तुला बोलवायचं. रविवारी ये बघायला. पन सर्दी-खोकला असंल तर येऊ नको हां, सांगून ठेवते."

द्वारकाने त्याच दिवशी बाजारात जाऊन पिवळं झबलं आणि टोपडं आणलं. धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलं. शनिवारी संध्याकाळी तिला शिंका सुरू झाल्या. रविवारी सकाळी नाक वाहत होतं, डोळे चुरचुरत होते. ताप नव्हता. धुळीनेसुद्धा झालं असेल, असं ती स्वतःला दोनदा म्हणाली. साडी काढून पलंगावर ठेवली आणि परत कपाटात ठेवून दिली.

मग झबल्याची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली, ती दाराशी ठेवली, बेल वाजवली आणि चार पायऱ्या वर सरकून उभी राहिली.

मिनलने दार उघडलं. "काय?"

"तारोडीला जाशील का? मिसला मुलगी झालीय. हे द्यायचंय."

"तुम्हाला बोलावलंय ना? तुम्ही का नाही जात?"

"नाक गळतंय."

मिनलने तिच्याकडे बघितलं. लाल नाक, हातातला चुरगळलेला रुमाल, जिन्यातलं ते अंतर. मग पिशवी उचलली. "जाते," ती म्हणाली. "तुम्ही वर जाऊन वाफ घ्या आधी."

अकराच्या सुमाराला फोनवर फोटो आला. पिवळ्या टोपड्यात लालबुंद चेहऱ्याचं बाळ, डोळे गच्च मिटलेले, आणि ते मिनलच्या मांडीवर. मिनल हसत होती. मागे जेनेल मिस आणि क्लाराही हसत होत्या.

"माझं झबलं, मला बोलावलं, आणि बाळाला पहिलं हिने घेतलं," द्वारका यतीनला म्हणाली.

"मग गेली असतीस."

"सर्दी झालीय ना मला!" ती त्याच्यावर खेकसली आणि नाक शिंकरून फोटो मोठा करून पुन्हा बघायला लागली.