वा, वा

द टिन लँटर्न्स या बँडचं नाव पुढे मद्रासच्या कॉलेजाकॉलेजांतून गाजलं. पण त्यातले चौघे एकत्र आले ते एका शब्दाच्या घोटाळ्यामुळे, हे कबूल करायला त्यांच्यातलं कोणी तयार नसे. अपवाद राघोत्तमचा. एरवी भिडस्त माणूस, पण ही हकिकत तो अगदी रंगवून सांगे.

साल १९६४. राघोत्तम तेवीस वर्षांचा. तंजावूरकडचं मराठी घर, दोन पिढ्या मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत. वडील राममूर्ती शाळेत तमिळ शिकवत. दर शनिवारी संध्याकाळी घरी भजन, आणि मृदंग राघोत्तमचा. वडिलांनी खटपट करून मद्रासबाहेर श्रीपेरुंबुदूरच्या शाळेत त्याला मास्तरकी मिळवून दिली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. नेमणुकीचा कागद खिशात तसाच ठेवून तो शनिवारी दुपारी नुंगंबाक्कमच्या एका बंगल्यावर गेला.

बंगल्याच्या मोटार-गॅरेजमध्ये उमाकांत नावाचा, पुण्याहून बदलून आलेला बँकेतला कारकून रॉक अँड रोलचा बँड उभा करत होता. गिटार त्याची, गाणारी त्याची धाकटी बहीण कुमुदिनी. भिंतीला एक बास गिटार टेकून ठेवलेली, तिला वाजवणारा अजून मिळाला नव्हता. आज निवड व्हायची होती ड्रमवाल्याची. इथे नंबर लागला नाही तर सोमवारपासून जन्मभर खडू, हे राघोत्तमला स्वच्छ दिसत होतं. आणि या पठ्ठ्याने ड्रमला कधी बोटही लावलेलं नव्हतं! रेडिओवर ऐकलेले ठेके वडील बाहेर गेले की मृदंगावर बसवायचे, एवढीच त्याची तयारी.

त्याच्या आधीचा नंबर सुब्बाचा. हा हॉटेलातल्या बँडमध्ये मुरलेला, मिळेल ते वाद्य वाजवणारा गडी. दाराबाहेर ऐकता ऐकता राघोत्तमचं अवसान गळालं. तळहाताला घाम सुटला. गुपचूप सटकावं म्हणून त्याने चपला पायात सरकवल्या, तेवढ्यात वाजवणं थांबलं आणि आतून आवाज आला, "वा, वा!"

ही दाद होती. पुण्याचा माणूस खूश झाला की असंच म्हणतो. पण राघोत्तमच्या घरची मराठी दोनशे वर्षांपूर्वीची. तिथे दाद द्यायची तर 'भले' म्हणत. 'वा' त्याला ठाऊक होता तो तमिळमधला, म्हणजे 'ये'. बोलावणं आल्यावर पळ कसा काढायचा? चपला काढून तो आत शिरला. सुब्बा तर अस्सल तमिळ. त्यालाही वाटलं, जवळ बोलावतायत. काठ्या ठेवून तो उमाकांतपुढे जाऊन उभा राहिला. स्टूल रिकामं झालं आणि राघोत्तम त्यावर बसला.

"याला कोणी बोलावलं?" उमाकांतने बहिणीला विचारलं.

"तुम्हींच की," राघोत्तम म्हणाला. "वा, वा म्हणालांत."

वेष्टी नेसलेला हा मद्रासी पोथीतली मराठी बोलतोय, हे पाहून भावंडं चक्रावली. घोटाळा आधी कुमुदिनीला उमगला. तिने पदर तोंडाला लावला. उमाकांत मात्र हसला नाही. सुब्बाची निवड त्याने मनात केव्हाच पक्की केली होती. बसलाच आहात तर दोन मिनिटं वाजवा, असं त्याने कोरडेपणाने सांगितलं.

राघोत्तमने काठ्या उचलल्या. घामाने एक निसटली आणि घरंगळत सुब्बाच्या पायाशी गेली. सुब्बाने ती उचलली नाही. राघोत्तमला रडू यायचंच बाकी होतं. मग त्याने दुसरीही खाली ठेवली आणि उघड्या हातांनी, मृदंगावर वाजवावं तसं वाजवायला लागला. रेडिओवरचा ठेका, पण बोटं भजनातली. थोड्या वेळाने कुमुदिनी गुणगुणू लागली. उमाकांतने गिटार गळ्यात अडकवली. सुब्बा हाताची घडी सोडून भिंतीकडे गेला आणि बास उचलून वाजवू लागला. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला.

"वा," उमाकांत हळूच म्हणाला. मग दोघांनाही उद्या दहाला यायला सांगितलं.

संध्याकाळी घरी राघोत्तमने नेमणुकीचा कागद वडिलांपुढे ठेवला. सगळी हकिकत सांगून तो म्हणाला, "मी जात नाहीं, अप्पा. त्यांनीं मला वा म्हटलें."

"कोणत्या भाषेंत?"

"आधीं तमिळांत. मग मराठींत."

बाहेरच्या खोलीत भजनाची मंडळी जमली होती. राममूर्तींनी कागदाची घडी करून पंचांगात ठेवली, दारापर्यंत गेले आणि वळून एवढंच म्हणाले, "वा."

राघोत्तमने मृदंग उचलला आणि त्यांच्या मागोमाग गेला. कोणत्या भाषेत म्हणालात, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.