मुंगोची आई

लासूर स्टेशनवरून मी निघाले त्या दुपारी अप्पा आले नाहीत. आई आली. खिडकीतून माझा हात धरून म्हणाली, "त्यांचं मनावर नको घेऊ. पोचली की फोन कर." समीर आमच्या जातीचा नव्हता. लग्नाचं सांगितलं तेव्हा अप्पा एवढंच बोलले होते, "गेली तर गेली. माझ्यापुरता इषय संपला."

ग्लासगोत उन्हाळासुद्धा अंगावर शाल घेऊन येतो. समीर ऑफिसात, मी घरी, सातवा महिना. शेजारच्या मोइराबाई मला रोज फिरायला न्यायच्या. एकदा त्यांनी एका इमारतीची उंच भिंत दाखवली. तिच्यावर रंगवलेला माणूस, बोटावर लाल छातीचा चिमुकला पक्षी.

"हा मुंगो, आमचा पहिला बिशप," त्या म्हणाल्या. "पोरांनी मारलेला पक्षी त्यानं हातात घेतला, प्रार्थना केली, आणि तो उडून गेला."

मी विचारलं, "याची आई कोण?"

आई राजाची लेक होती. बापानं ठरवलेलं लग्न तिनं नाकारलं. पुढं तिला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा बापानं तिला वल्ह्याशिवायच्या होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं. पहाटे होडी किनाऱ्याला लागली. तिथं मेंढपाळांची शेकोटी पेटलेली होती. तिच्या उबेत ती बाळंत झाली. एका म्हाताऱ्या साधूनं पोराला उचललं आणि म्हटलं, मुंगो. म्हणजे माझ्या लाडक्या. खरं नाव वेगळंच होतं, पण गावोगाव धर्म सांगत फिरलेल्या त्या बिशपला लोक आजही त्या लाडाच्या नावानंच ओळखतात.

मग ती होडी माझ्या झोपेत येऊ लागली. कधी समुद्र असायचा, कधी आमची शिवना नदी. धुकं, पाण्याचा आवाज, आणि लांब कुठंतरी जाळ. घर सोडून लांब गेलेल्या बायांनो, तुम्हालाही असं पाणी दिसतं का?

आईला मी ही गोष्ट फोनवर सांगितली. तिचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

मुलगा झाला. व्हिडिओ कॉलवर आई रडत होती, हसत होती. तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला, "त्या पोरीच्या बापाचं पुढं काय झालं?"

दोन वर्षांनी ऐकलेला आवाज. "मला ठाऊक नाही, अप्पा," मी कसंबसं म्हटलं. "मोइराबाईंनी बापाचं पुढं काही सांगितलं नाही."

अप्पा स्क्रीनसमोर आले. लई वाळले होते.

"नाव काय ठेवलं?"

"अजून नाय ठेवलं."

"मुंगो नको बाई, लई परकं वाटतं. मुन्ना म्हण." चष्मा पुसत म्हणाले, "जरा जवळ धर. नीट दिसंना मला."

पासपोर्टवर त्याचं नाव अद्वैत आहे. पण दुपारी झोपेतून उठवताना मी हळूच मुन्ना म्हणते. तो डोळे उघडतो, आणि तेवढा वेळ मी घरी असते.