माझा पहिला वाचक

नातीनं नवं पुस्तक नाकाशी धरलं. "आबा, काय मस्त वास आहे," म्हणाली. मला मात्र रॉकेलचा वास आला.

साठ-एकसष्टची गोष्ट. पदरमोड करून छापलेली माझी पहिली कादंबरी मी दिग्रसहून एसटीनं गावात आणली होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला एक माणूस गावविहिरीवर पाणी भरायला जातो आणि पाटील त्याला काठीनं मारून विहिरीत टाकतो, अशी ती कहाणी. नावं सगळी बदललेली, मारहाण माझ्या मनानं रचलेली.

आमच्या गावच्या पाटलाच्या पोरानं ती दिग्रसच्या छापखान्यातच वाचली होती. गठ्ठे उतरताच त्यानं रॉकेल ओतून पेटवले. मी आगीत हात घातला, तर तोंडावर लाथ बसली. दात मातीत पडले. तरी त्याचा राग उतरेना.

"काठी कायले लिवली बे? माह्या बापाचा हात एवढा हलका होता काय? कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणलं होतं त्यानं तुह्या बापाले."

गाव बघत उभं होतं. मी पुस्तकांसाठी रडत जळकी पानं वेचत राहिलो. त्याचं बोलणं मला कळलं ते फार उशिरा.

तोवर अख्खं गाव मला सांगत आलं होतं, की बाप पाय घसरून विहिरीत पडला.