बडी मम्मी आणि गंजलेली सिगडी

मी मोठ्या जावेचं नाव काढलं की गल्लीतल्या बाया हातातलं काम ठेवून विचारतात, "बोल, आज काय केलं तुझ्या ताईंनी?" ताई काहीच करत नाहीत, तेच तर दुखणं आहे. त्या नुसत्या बसतात आणि माझा मुलगा जाऊन त्यांच्या मांडीत बसतो. एका घरात दोन जावा राहिल्या की असे किस्से कपाटामागच्या जाळ्यांसारखे जमत जातात. मुद्दाम कोणी जमवत नाही.

*

रुद्र अडीच वर्षांचा आहे आणि माझ्या हातून जेवत नाही. आमच्या गावात, बुऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्यात, दारासमोर केळीच्या गाड्या भरतात, पण मी सोललेलं केळंसुद्धा त्याला चालत नाही. तेच केळं ताईंनी हातात धरलं की आ करतो. त्यांना तो 'बडी मम्मी' म्हणतो. इकडं सगळीच मुलं मोठ्या काकूला असं म्हणतात, तरी माझ्या पोटात मिरची पडते ती पडतेच.

ताई चार दिवस फोपनारला माहेरी गेल्या, तर पोरगं वाळून गेलं. अंगणवाडीच्या बाईंनी वजन करताना विचारलं, "घरी कोण भरवतं याला?"

मी म्हटलं, "मीच."

रुद्र वजनकाट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "बडी मम्मी."

*

यंदा ठरलं की आपल्या मुलींच्या शाळेसाठी ताई चंपाषष्ठीनंतर बुऱ्हाणपूरला राहायला जाणार. मला आधी आनंद झाला. पुढच्या मिनिटाला रुद्र आठवला. मग हा जेवणार कोणाच्या हातून?

मागच्या चंपाषष्ठीला ताईंनी वांग्याचं भरीत केलं होतं आणि रुद्रनं ते भाकरीत कुस्करलेलं चांगलं पोटभर खाल्लं होतं. मला वाटलं, जादू भरताचीच असणार. मी सासूबाईंना म्हटलं, "यंदा भरीत मी करते."

त्या म्हणाल्या, "कर की. आधी ती सिगडी माणसात आण."

*

चातुर्मासात आमच्याकडं वांगं खात नाहीत, म्हणून वांगी भाजायची सिगडी चार महिने न्हाणीमागं पडून असते. पाऊस काही चातुर्मास पाळत नाही. बाहेर काढली तर जाळीवर गंजाचे पापुद्रे, बोट लावलं की विटकरी भुकटी.

मी चिंचेच्या पाण्यात भिजवली, तारेच्या घासणीनं घासली, धुतली. लोखंड काळंभोर निघालं. ताई जाता जाता म्हणाल्या, "लगेच कोरडी पुस आणि तेलाचा हात फिरव."

ताईंनी सांगितलं म्हणून मी फिरवला नाही.

सकाळी बघते तर सिगडी परत विटकरी. ताई चहा पीत उभ्या होत्या. "सांगितलं होतं ना" असं म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

दुसऱ्यांदा घासताना रुद्रनं जाळीची तार धरली. गंजलेलं लोखंड म्हणजे धनुर्वात, एवढं मला माहीत आहे. त्याला तसाच उचलून दवाखान्यात पळाले. नर्सबाईंनी त्याचा हात उलटापालटा केला, दुसरा हात बघितला, पायसुद्धा बघितले.

"लगा कहाँ है?"

"लगा नहीं, पर लग सकता था."

"तो लगने के बाद लाना."

एवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडं गेलं. घासून घासून तीन बोटं फाटली होती. सुई मलाच टोचली. रुद्र टाळ्या वाजवत होता.

*

माझी धडपड आमच्या ह्यांना बघवली नाही. त्यांनी बाजारातून चंदेरी रंगाचा डबा आणला आणि मी शेतात गेले होते तेव्हा सिगडी जाळीसकट रंगवून ठेवली. अशी चमकत होती की शेजारीण बघायला आली.

ताई म्हणाल्या, "भाऊजी, हिच्यावर वांगी भाजायची का हिला ओवाळायचं?"

सासूबाई म्हणाल्या, "लेकरांले रंग चारतो का रे?"

तो सगळा रंग मीच खरवडला. नंतर पुसलं, तेल लावलं, कोळशावर तापवलं, पुन्हा तेल लावलं. अगदी ताईंनी सांगितलं तसं. त्या घरात नाहीत हे बघूनच.

*

चंपाषष्ठीला सिगडी छान पेटली. वांगी आतपर्यंत भाजली. भरीत केलं, बाजरीच्या भाकरी केल्या आणि पहिला घास रुद्रपुढं धरला. त्यानं माझ्या हाताचा वास घेतला. आठ दिवस लोखंड घासलेला हात.

"गंदा," म्हणाला आणि सगळ्या पंगतीसमोर ताईंच्या मांडीत जाऊन बसला.

मी ताट उचलून उठले, तशा ताई हळूच म्हणाल्या, "माझ्या मागं येऊन बस."

मी बसले.

"माझ्या काखेतून हात पुढं काढ."

त्यांनी ताट मांडीजवळ घेतलं. पदर माझ्या मनगटापर्यंत ओढला आणि आपले हात मागं लपवले. मला त्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. चाचपडत भाकरी कुस्करली, भरीत लावलं, अंदाजानं घास वर नेला. बोटांना इवले दात लागले.

दुसरा घास गेला. तिसरा गेला. ताई अजिबात हलत नव्हत्या.

चौथ्या घासाला पदर सरकला. चावणं थांबलं. एक बोट माझ्या बांगड्यांवरून फिरलं आणि रुद्रनं विचारलं, "बडी मम्मी, तू मम्मीच्या बांगड्या काऊन घातल्या?"

"मागून आणल्या," ताई म्हणाल्या. "आ कर."