मामाच्या पानांचं कुलूप

आमच्या धाकट्या मामाएवढा अगत्यशील आणि त्याच वेळी इतका संशयी माणूस कुंभकोणात दुसरा झाला नाही, हे मी पैजेवर सांगेन. घरी आलेल्याला तो जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि वेबसाइटवर आलेल्याला आत घेत नाही. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात; मामा सर्व्हर चालवायला शिकला. आमच्या तंजावरी मराठीतली बोलणी, पाळण्याची गाणी, स्वयंपाकघरातले शब्द घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आवाजात रेकॉर्ड करून त्याने एकेक पान रचलं आणि प्रत्येक पानाला पासवर्ड घातला. पान उघडायला गेलं की ब्राउझरची ती करडी चौकट पुढे येते: नाव सांगा, पासवर्ड सांगा. "हल्ली लॉगिनची सुंदर पानं करतात, मामा," असं मी एकदा सुचवलं. "तें नटवं काम नक्को," तो म्हणाला. "ब्राउझर आपण होऊन विचारतो. घरचा वडील दारीं उभा राहून विचारल्यासारखा." अशा पद्धतीत एकदा आत गेलं की बाहेर पडायचं, लॉगआउटचं, बटण नसतं, याचाही त्याला भारी अभिमान. "आत आलेल्यास जा म्हणायची रीत आपल्या घरीं नाही."

पासवर्ड मिळवणं हा एक सोहळाच होता. फोनवर नाही, ईमेलवर नाही. त्याच्या ओट्यावर येऊन बसायचं, कॉफी घ्यायची आणि पाच मिनिटं आपल्या घरचं मराठी बोलायचं. मामा ते रेकॉर्ड करणार, त्याचं नवं पान होणार, आणि मग कुठे चिठ्ठीवर पासवर्ड मिळणार. दारासुरमच्या माझ्या मावसबहिणीने ती चिठ्ठी हरवली. बिचारी टाउन बसने परत आली, तर मामाने पुन्हा पाच मिनिटं मागितली. तिने ती सगळी त्याला शिव्या घालण्यात खर्च केली. मामा इतका खूश झाला की ते पान त्याने यादीत सगळ्यात वर लावलं.

मला मात्र कित्येक वर्षं पासवर्ड नव्हता. "तूं पुण्यास दिलेली," एवढंच कारण. मला राग यायचा. पुणेकरांनी त्याचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे!

गेल्या पोंगलला गेले तर मामा त्याच करड्या चौकटीपुढे अडून बसलेला. तो स्वतःचाच पासवर्ड विसरला होता. पासवर्डांची फाइल त्याच्याच सर्व्हरवर होती, पण तिच्यात पासवर्ड असे घुसळून ठेवलेले असतात की मालकालाही वाचता येत नाहीत. "मग नवा कर की, दोन मिनिटांचं काम," मी म्हटलं. मी देवळात चपला घालून शिरल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "नेम म्हणजे नेम. नवा पाहिजे तर पांच मिनिटं बोलायला पाहिजे. धर तो फोन."

साऱ्या गोताला बोलतं करणारा मामा स्वतः कधी बोललाच नव्हता. मांडी घालून बसला, खाकरला आणि सांगू लागला. तरुणपणी तो पुण्याला शिकायला गेला होता. पहिल्याच दिवशी वर्गात उभा राहून मराठीत बोलला, आणि सगळा वर्ग हसला. मास्तरसुद्धा. "मज वाटलेलं, आपल्या माणसांत आलों. मग दोन वर्षं तेथें इंग्रजींतच बोललों. जो हसेल त्यास आपलें बोलणें ऐकवायचें नाही, हें तेव्हांच ठरवलों." पाच मिनिटं केव्हाच संपली होती, मी थांबवलं नाही. लग्नानंतर वर्षभरात मी माझी बोली पार धुऊन काढली होती, आणि ते कसं जमवलं हे कौतुकाने सांगत असे. माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी माझीही मोडकीतोडकी पाच मिनिटं घेऊन त्याने नवे पासवर्ड केले, एक स्वतःला, एक मला. मग त्याचं पान मी फोनवर उघडलं तर चौकट आलीच नाही.

"मामा, ह्याला पासवर्ड घालायचा राहिला."

"राहिला नाही. हें उघडंच असूं दे."

"आणि कुणी हसलं तर?"

"हसूं दे," मामा म्हणाला. "हसायला तरी आधीं ऐकावें लागेल की."

माझ्या मामाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. पुण्यात कुणी माहेर विचारलं की आता मी ते पानच उघडून देते. आणि स्वयंपाक करताना मोठ्याने तंजावरी बोलते. उत्तर द्यायला इथे कुणी नाही, तरी बोलते.