दाजींच्या शास्त्रातला मेहुणा

जगातल्या प्रत्येक वस्तूनं कसं वागावं हे ठरवून देणारा एकच माणूस मी पाहिला, आणि नेमका त्याच्याच घरी मी फुकट जेवत होतो. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी, भूमजवळच्या एका गावात दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. वस्तू कोणत्या अवस्थेत आहे ते आधी पाहायचं आणि त्या अवस्थेत तिला जे सांगता येतं तेवढंच सांगायचं, हे त्यांचं शास्त्र. दुधाचा कॅन रिकामा असेल तर त्याला फक्त धुवायचं. धुतलेला असेल तरच त्यात दूध ओतायचं, आणि भरल्याशिवाय गाडीत चढवायचा नाही. कंदील, सायकल, दाराची कडी, साऱ्यांचं असं ठरलेलं. माझंही. बी.ए.ला आपटून मी आलो त्याच आठवड्यात ते आक्काला म्हणाले, "तुझ्या भावाच्या अवस्था दोनच. भुकेला न्हायतर झोपलेला. भुकेल्याला काम सांगू न्हाय, झोपलेल्याला सांगून उपेग न्हाय." मला भयंकर राग आला, पण नुकताच जेवलो होतो, त्यामुळे झोप लागली.

त्या वर्षीच्या दुष्काळात पिकं गेलेली, गावाच्या चुली दुधावर पेटत होत्या. एका सकाळी पाण्याचा टँकर आलाच नाही. कॅन धुवायचे राहिले, बाया दुधाच्या चरव्या घेऊन ताटकळल्या आणि दुधाची गाडी हॉर्न वाजवू लागली. मी अक्कल पाजळली, "दाजी, आजच्या दिवस रिकाम्यालाच धुतलेला म्हणा की!"

"म्हणल्यानं हुतोय व्हय? एका कॅनपायी समद्या गाडीचं दूध नासंल."

ते तडक घरी गेले आणि आक्कानं जपून ठेवलेली पिण्याच्या पाण्याची घागर घेऊन आले. तेवढ्या पाण्यात सगळे कॅन धुतले. दूध गेलं.

घरी आक्का कमरेवर हात ठेवून उभी. "आता घागरीची अवस्था काय?"

"रिकामी," दाजी पुटपुटले.

"मग रिकाम्या घागरीला काय सांगायचं असतंय?"

"भरून ये."

"सांगा मग. बघू जातीया का."

दाजी घागरीकडं बघत राहिले. एवढा हतबल माणूस मला बघवेना. मी घागर उचलली, दूरच्या मळ्यातल्या तळ गाठलेल्या विहिरीवर गेलो आणि निम्मी सांडत आणली. दाजी गंभीरपणे म्हणाले, "ह्याची एक अवस्था वाढवावी लागंल. भुकेला असूनबी चालतोय."

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी गावी गेलो की आक्का विचारते, "कोणत्या अवस्थेत आलास?" पोट भरलेलं असलं तरी मी भुकेलाच सांगतो. जेवून दाजींच्या बाजेवर आडवा होतो, पण झोप येत नाही. हे काही त्यांनी ठरवून दिलं नव्हतं.