अर्धी टाकी आणि पाहुणे दिवे

माझ्या मामाला लांब पल्ल्याचे मोटरसायकलवाले ‘अर्धी टाकी’ म्हणतात, आणि अगदी तोंडावर म्हणतात. त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट गॅरेजच्या शटरवर तो हेच नाव रंगवून घेणार होता, पण मामीने डोळे वटारले म्हणून राहिलं. नावाचं कारण सोपं आहे. कोणीही दौऱ्याला निघालं की मामा निरोपादाखल एकच सांगतो, “अर्धी टाकी झाली की भर. पुढे पंप आहे असं सांगणारा माणूस पुढे तुझ्याबरोबर नसतो.”

पेट्रोलचा काटा म्हणजे मामाच्या मते गाडीतला सर्वांत खोटारडा भाग. तो गाडी स्टँडवरून काढतो, दोन्ही हातांनी डावी-उजवी हलवतो, मान वाकडी करून टाकीतलं पेट्रोल कसं डचमळतंय ते ऐकतो आणि निकाल देतो, “घाटाच्या पायथ्यापर्यंत जाशील, वर नाही.” हा निकाल न मानता भर उन्हात गाडी ढकलत पंप शोधलेली मी त्याची भाची आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मामाचं सगळं कामच कानाने आणि बोटांनी. चेन किती सैल आहे ते तो बोटाने उचलून सांगतो, प्लगची फट नखाने मोजतो, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिच्या इंजिनात काय कुरकुरतंय ते त्याला कळलेलं असतं. घोळ झाला तो यामुळेच. जो माणूस डोळ्यांना फारसं कामालाच लावत नाही, त्याचे डोळे कधी अधू झाले हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मला गोष्ट ताणायला आवडत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मामाला कमी दिसायला लागलं होतं. हे मामीला कळलं, मग मला कळलं, मग गॅरेजात चहा प्यायला येणाऱ्या सगळ्यांना कळलं. फक्त मामाचा मात्र ठाम समज होता की हल्ली कंपन्या दिवेच रद्दी बनवतात.

कारण दिव्याला बोट लावून तो किती लांब उजेड पाडतो हे कळत नाही. तिथे बघावंच लागतं.

हेडलाइट लावायची मामाची पद्धत अशी की गॅरेजसमोरच्या भिंतीवर खडूची आडवी रेघ. गाडी समोर उभी करायची, दिवा लावायचा, आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खाली बसवायची, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात नाही. आधी ही रेघ खडूच्या जाडीची होती. मग बोटाएवढी झाली. मग एके दिवशी मामा चुन्याचा डबा आणि ब्रश घेऊन आला आणि त्याने भिंतीवर हातभर रुंद पट्टाच ओढला. “उठून दिसतं,” तो म्हणाला. मामी दारातून बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

मग त्याने स्वतःच्या गाडीवर जादा दिवे चढवायला सुरुवात केली. आधी पुढच्या सुरक्षा-दांडीवर दोन. मग हँडलखाली दोन. मग मडगार्डवर दोन. त्यांना तो ‘पाहुणे’ म्हणायचा आणि कंपनीच्या मूळ हेडलाइटला ‘घरचा’. पाहुण्यांची वायर वेगळी, फ्यूज वेगळा, कारण पाहुणे कधीही उठून जातील, घरच्याने जागा सोडता कामा नये. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा आणि काम खरोखर देखणं करायचा. एवढंच की त्याला स्वतःला उजेड कमी वाटायचा म्हणून तो गिऱ्हाइकांच्या गाड्यांवरही पाहुणे बसवत सुटला.

दौरेवाल्यांच्या टोळीचे म्होरके म्हणजे एक दाताचे डॉक्टर. माणूस फार सभ्य. ते एकदा चाचरत म्हणाले, “मामा, तुम्ही दिवे बसवल्यापासून समोरचे ट्रकवाले मला शिव्या घालतात हो.”

“ट्रकवाल्यांचे डोळे तपासून घ्यायला हवेत,” मामा म्हणाला.

मी तोंडात चहा असताना हे ऐकलं आणि चहा नाकातून बाहेर आला.

सांगायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. मामीने सरळ सांगून पाहिलं, आडून सांगून पाहिलं. मी एकदा जेवताना म्हटलं, “मामा, एकदा डोळे दाखवून ये ना.” त्याने ताट बाजूला सारलं. “माझे डोळे? नखाने प्लगची फट सांगतो मी!” नखाचा आणि डोळ्यांचा संबंध काय, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण मामीने माझ्या पायावर पाय दिला. मामा चिडला की समजावं, तो घाबरलाय. हे तिला माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

गाडीवर मागे बसून ती आता सतत बोलायची. डावीकडे खड्डा. पुढे सायकलवाला. वळण आलं. मामा माझ्याकडे तक्रार करायचा, “तुझी मामी हल्ली फार बोलते गं गाडीवर. वय झालं की माणसं बडबडी होतात.”

अशातच दाताच्या डॉक्टरांनी आमंत्रण दिलं. या वेळी खिंडीच्या दौऱ्याला मामा-मामींनी यायचंच. त्या खिंडीसाठी मामाने किती गाड्या तयार करून दिल्या असतील याची गणती नाही. वाटेत पंप कुठे आहे, कुठल्या टपरीवर बाटलीत पेट्रोल मिळतं, ते फडक्याने गाळून थोडा वेळ स्थिर ठेवायचं म्हणजे पाणी तळाशी बसतं, हे सगळं त्याला पाठ होतं. फक्त तो स्वतः कधी गेला नव्हता. गॅरेज बंद ठेवायला त्याचा जीव होत नसे. लग्न झाल्यापासून तो मामीला सांगत आला होता, “तुला एकदा खिंड दाखवणार.” आता तो हो म्हणाला. घाटातली वळणं, एका बाजूला दरी, हँडलवर हा आणि मागे मामी. त्याला सत्य सांगावं तर ऐकत नाही, आणि न सांगावं तर दोघं जीवानिशी जातील. मला रात्री झोप लागेना. मामी मात्र शांतपणे सामानाच्या पिशव्या शिवत बसली होती. मला तिचाच राग यायला लागला.

निघायच्या आधी सामान लादून चाचणी घ्यायची, हा मामाचा नियम. एका संध्याकाळी आम्ही नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं ठरवलं. ते दोघं पुढे, मी माझ्या गाडीवर मागे. तिघांच्या हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायचं यंत्र होतं, तेही मामानेच बसवलेलं. जाताना ऊन होतं, सगळं छान झालं. परतताना सूर्य बुडाला, पण आभाळ अजून राखाडी होतं. मामाने सगळे पाहुणे पेटवले. समोरच्या झाडांवरचे पक्षी उठले असतील, इतका उजेड पडला.

आणि एका वळणावर फट्कन पाहुणे विझले. गाडी वीज बनवते किती आणि हे सहा जण खातात किती, या हिशेबात दुसऱ्या कोणाच्या गाडीवर मामा कधीच चुकला नसता. फ्यूज उडाला होता. पण घरचा दिवा चालू होता. त्याचा पिवळसर उजेड रस्त्यावर पडलेला मला मागूनही स्वच्छ दिसत होता.

मामाने रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबला. “गेला,” कानात त्याचा आवाज आला. “हेडलाइट पण गेला.”

मी त्यांच्या मागे गाडी थांबवली.

“चालू आहे तो,” मामी म्हणाली.

“काहीतरी काय बोलतेस! समोर मिट्ट काळोख आहे.”

“समोर रस्ता आहे,” मामी म्हणाली. “त्याच्या कडेला पांढरा दगड आहे. दगडाशेजारी एक कुत्रं बसलंय आणि ते आपल्याकडे बघतंय.”

मामाने गाडी पायांनी ढकलत कडेला घेतली, उतरला आणि पुढे गेला. त्याने हातमोजा काढला आणि हेडलाइटच्या काचेवर बोटं टेकवली. काच गरम होती. तो तिथेच उभा राहिला. दुसऱ्या कोणाचं त्याने ऐकलं नसतं, पण स्वतःच्या बोटांना खोटं कसं पाडणार? कुत्रं उठून निघून गेलं तरी त्याचा हात काचेवरच होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गाडीतला दोष सापडेना की मामाचा एक ठरलेला मंत्र आहे, “बदली करून बघ.” दुसऱ्या गाडीवर नीट चालणारा भाग काढायचा आणि या गाडीला लावायचा. दोष गेला, तर दोषी सापडला. अर्ध्या गावाच्या गाड्या त्याने या एका मंत्रावर दुरुस्त केल्या आहेत.

मामी उतरली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, “बदली करून बघू.”

“जवळ बल्ब नाही,” मामा पुटपुटला.

“बल्ब नको. माणूस बदलू. अहो, मागे बसा.”

मामी गाडी चालवते हे मला तेव्हा नव्याने कळलं. गॅरेज नवीन होतं तेव्हा दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी तीच चालवून बघायची, आणि मामा मागे डोळे मिटून इंजिनाला कान देऊन बसायचा. पुढे काम वाढलं, माणसं आली आणि ते बंद पडलं. त्या संध्याकाळी तिने गिअर टाकला तो पाण्यात सूर मारावा तसा, जराही आवाज न होता. घरापर्यंत फक्त घरच्या दिव्यावर आलो. वाटेत एकही खड्डा लागला नाही. मामा मागे चिडीचूप बसला होता, पूर्वीसारखाच कान देऊन.

घरी आल्यावर तो गॅरेजातल्या स्टुलावर बसला. बराच वेळ नुसताच पान्याशी चाळा करत होता. मग म्हणाला, “डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला की गाडी बंद, काम बंद, तर मी करू काय? मला दुसरं काही येतच नाही गं.” माझे डोळे भरून आले. इतके दिवस त्याच्यावर हसून घेतलं होतं ते सगळं मला महागात पडलं.

मामीने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. “आधी गाडी खोलून तर बघू दे त्यांना,” ती म्हणाली. “न खोलता भंगारात काढणारे आपण नव्हे.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला. मामाने खुर्ची पुढे ओढली. “म्हणजे पुढची काच धुरकटलीय म्हणता?”

“तसंच समजा.”

“आणि मागचं? रिफ्लेक्टर?”

बाई हसल्या. “पडदा उत्तम आहे. भिंग बदललं की झालं.”

“हात्तिच्या!” मामा एवढ्या जोरात म्हणाला की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. “काचच बदलायचीय होय! मग इतके दिवस कोणी बोललं का नाही?”

मामीने कपाळावर हात मारला. मी छताकडे बघत राहिले.

त्या मोसमातली खिंड हुकली. एक डोळा झाला, मग दुसरा. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर मामा पहिल्यांदा गॅरेजात आला, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि ओरडला, “हे कोणी सारवून ठेवलंय?” उत्तर त्याला स्वतःलाच सापडलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने गॅरेज घासायला घेतलं. इतक्या वर्षांचं काजळी-ग्रीस त्याला एकदम दिसायला लागलं होतं. माझी गाडी पाहून म्हणाला, “इतकी घाणेरडी गाडी घेऊन फिरतेस? लाज नाही वाटत?” मला त्याचे जुने डोळे बरे वाटले.

पण नंतर त्याने जे केलं त्याचा मला अभिमान वाटतो. पाहुणे बसवलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्याने एकेक करून परत बोलावलं, भिंतीवर पुन्हा खडूची बारीक रेघ ओढून प्रत्येक गाडीचे दिवे तिच्या खाली घेतले, नको तेवढे काढून टाकले, आणि प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं, “दोष माझ्यात होता, तुमच्या गाडीत नाही.” दाताच्या डॉक्टरांना तर म्हणाला, “ट्रकवाले दिसले तर माझा नमस्कार सांगा.”

पुढच्या मोसमात आम्ही खिंडीला गेलो. मामाच्या गाडीवर फक्त घरचा दिवा. वाटेत प्रत्येक पंपावर त्याने सगळ्या टोळीला थांबवलं, सगळ्यांच्या गाड्या हलवून ऐकल्या, आणि सगळे त्याच्या नावाने खडे फोडत टाक्या भरत राहिले. खिंडीवर मामीने काय पाहिलं ते तिलाच विचारा. ती खूप वेळ कठड्याशी उभी होती आणि मामा दरीकडे कमी, तिच्याकडे जास्त बघत होता.

उतरताना दिवस कलला. घाट निम्मा संपला तेव्हा उजेड पार मावळला आणि मामाने दिवा लावला. मी मागेच होते. वळणावळणाला तो उजेड रस्त्याला धरून सरळ चालला होता.

“डावीकडे खड्डा,” मामी सवयीने म्हणाली.

“दिसला,” मामा म्हणाला.

ती एकदम गप्प झाली. पुढची दोन वळणं माझ्या कानात फक्त वारा होता. मग मामाचा आवाज आला, जरा चाचरतच.

“अगं, गप्प का झालीस? दिसतंय मला. पण तू सांगत जा.”